आधी वही, मग मोर्चा

 

आज व्यसनाबद्दल बोलायचंय. हा विषय निघाला की प्रत्येकीकडं सांगण्यासारखं काहीतरी असतं. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा. गटाच्या बैठकीत हप्ता का थकला याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं, पण इतिवृत्तात आपण ‘आजारपण’ असं लिहितो आणि पुढच्या विषयाकडं वळतो.

गावानं काहीच केलं नाही असंही नाही. ३१ मेला तंबाखूविरोधी दिन होतो, २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन होतो. शाळेची प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, सगळे हात पुढं करून शपथ घेतात. फेरी चौकात आली की टपरीवाला शटर अर्धं खाली ओढतो. फेरी पुढच्या आळीत वळली की शटर परत वर.

असं का होतं? माझ्या मते त्याचं एक कारण साधं आहे. आपण मोर्चा आधी काढतो आणि चौकशी नंतर करतो. कधी कधी करतच नाही. ‘गावात व्यसन लई वाढलंय’ हे आपण सगळ्याजणी म्हणतो. पण कुठलं व्यसन? कुणामध्ये? कितव्या वर्षापासून? माल येतो कुठून? कुठल्या दिवशी जास्त? यातलं एकही उत्तर वहीत लिहिलेलं नसतं. ताप किती आहे हे न बघता कुणी सलाईन लावलं तर आपण त्या डॉक्टरला दोन शब्द सुनावू. गावाच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

बचत गटाच्या बाईला नोंदीचं महत्त्व मी काय सांगणार? हजेरी, बचत, कर्ज, परतफेड यांची वही आपण दर बैठकीला भरतो. पंचसूत्रीतलं एक सूत्रच हिशेब ठेवण्याचं आहे. तीच सवय व्यसनाच्या प्रश्नाला लावायची, एवढंच आजचं सांगणं.

मोठे आकडे काय सांगतात

आधी राज्याचं चित्र बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी १३.९ टक्के दारू पितात असं आढळलं. तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेणारे पुरुष ३३.८ टक्के निघाले. म्हणजे शंभर पुरुषांत दारू पिणारे साधारण चौदा आणि तंबाखू घेणारे चौतीस.

आता तिसरा आकडा ऐका. तंबाखू घेणाऱ्या बायका १०.९ टक्के. शंभरात अकरा. या कोण? मशेरी लावणाऱ्या आपल्याच मावश्या, सासवा आणि काही ठिकाणी आपण स्वतः. व्यसन म्हटलं की आपल्याला फक्त दारूचा गुत्ता दिसतो, पण मोजायला बसलं की आपल्या चुलीशेजारची मशेरीची डबीही दिसायला लागते.

दुसरं सर्वेक्षण २०१६–१७ सालचं, फक्त तंबाखूचं. त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात असं निघालं. त्यातही चघळण्याची, लावण्याची म्हणजे बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के आणि विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. काही जण दोन्ही घेतात, म्हणून बेरीज थोडी जास्त होते. याचा अर्थ असा, की शाळेच्या भिंतीवर सिगारेटवर फुली मारलेलं चित्र आपण काढतो, पण आपल्याकडचा खरा प्रश्न पुडी, मावा, खर्रा, तंबाखू-चुना आणि मशेरी हा आहे. चित्रच चुकलं तर पोरं म्हणणार, आम्ही कुठं सिगारेट ओढतो?

हे आकडे उपयोगाचे आहेत, पण ते राज्याचे आहेत. सरासरीत एखादं गाव लपून जातं. शिवाय सर्वेक्षणाची ताई दारात आली आणि सासरा ओसरीवर बसलेला असला, तर दारूबद्दल खरं कोण सांगणार? म्हणून आपल्या गावाची मोजणी आपणच करायची.

गडचिरोलीनं काय केलं

आकड्यानं लढाई कशी उभी राहते याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी गडचिरोली जिल्ह्यात दारूमुक्तीची चळवळ सुरू झाली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था त्यात होती. त्या वेळी नुसतं ‘दारू वाईट’ असं सांगितलं गेलं नाही. जिल्ह्यातले लोक वर्षाला दारूवर किती पैसा घालवतात याचा हिशेब मांडला गेला, आणि तो जिल्ह्याच्या वार्षिक विकास योजनेच्या रकमेपेक्षा जास्त भरला. सरकार एका हातानं देतं आणि दारू त्याहून जास्त ओढून नेते, हे कुणालाही कळेल असं चित्र होतं. गावोगावच्या बायका पुढं आल्या आणि १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली.

पण गोष्ट तिथं संपली नाही. बंदी आली तरी चोरून विक्री चालू राहिली आणि तंबाखू तर मोकळीच होती. म्हणून २०१६ पासून तिथं ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात लोकजागृती, गावाची संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार अशी कामं एकत्र चालतात. सोबत नमुना सर्वेक्षण करून व्यसनी किती, खर्च किती, आणि मधल्या काळात त्यात फरक पडला का, हे तपासलं जातं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठली. वरचा निर्णय येतो आणि जातोही. गावानं स्वतः ठेवलेली नोंद मात्र गावाजवळ राहते.

मोजायचं काय?

चार प्रश्न पुरेत.

पहिला, काय घेतलं जातं? देशी, हातभट्टी, शिंदी, गुटखा, मावा, मशेरी, गांजा, की पंक्चरच्या दुकानातलं सोल्युशन हुंगणारी पोरं आहेत?

दुसरा, कोण आणि कितव्या वर्षी सुरुवात करतं? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. वीस वर्षं पिणाऱ्याला सोडवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या मानानं सातवीतल्या पोराची पहिली पुडी अडवणं सोपं असतं.

तिसरा, कुठून मिळतं आणि कधी? बाजाराच्या दिवशी, यात्रेत, मजुरीच्या दिवशी, उसाच्या टोळीला उचल मिळते तेव्हा, निवडणुकीत, की लग्नाच्या वरातीत?

चौथा, नुकसान काय होतं? पैसा, मारहाण, अपघात, शाळेतली गैरहजेरी, थकलेला हप्ता.

मोजायचं कसं?

नव्यानं काही उभारण्याआधी जे हाताशी आहे ते बघा. आपल्या कर्जवहीतले थकलेले हप्ते कुठल्या महिन्यांत वाढतात? शाळेचे गुरुजी सांगतील, कुठल्या वर्गापासून मुलांच्या खिशात पुड्या सापडायला लागतात. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना गावाची नाडी ठाऊक असते. त्यांच्याकडून एकाही माणसाचं नाव मागायचं नाही, ‘साधारण काय दिसतं’ एवढंच विचारायचं.

मग गावाचा नकाशा काढा. मंदिरासमोर रांगोळीनं काढला तरी चालेल. शाळा, अंगणवाडी, पाणवठा, टपऱ्या, बसण्याचे कट्टे, अंधाराच्या जागा दाखवा. बाईला आणि मुलीला कुठून जायची भीती वाटते तिथं खडे ठेवा. खडे आणि टपऱ्या एकाच जागी जमले, तर त्या नकाशावर वेगळं भाषण करायची गरज पडत नाही.

तिसरी पद्धत स्वच्छता फेरीची. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी, त्याच दोन-तीन जागांवर रिकाम्या बाटल्या आणि पुड्या गोळा करायच्या, मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी किती आणि इतर दिवशी किती, हे महिन्याभरात कळतं. फेरी उजेडात काढा आणि तिघी-चौघी मिळून जा. भट्टीच्या जागी मोजायला किंवा फोटो काढायला मात्र कुणी जाऊ नये. ते काम पोलिसांचं.

चौथी पद्धत मडक्याची, आणि ती मला सगळ्यात आवडते, कारण तिला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. आतल्या खोलीत किंवा साडीच्या पडद्याआड एक मडकं ठेवायचं. शेजारी दोन वाट्या, एकीत ज्वारी आणि एकीत तूर. बाहेर सगळ्यांसमोर प्रश्न वाचायचा: ‘तुमच्या घरात कुणी दारू पितं का?’ नसेल तर ज्वारीचा दाणा, असेल तर तुरीचा. एकेकीनं आत जायचं, एकच दाणा टाकायचा आणि बाहेर यायचं. प्रत्येकीनं जायचंच, म्हणजे कोण गेली आणि कोण नाही यावरून कुणाला काही कळत नाही. शेवटी दाणे मोजायचे. साठ बायका असतील तर साठच दाणे निघाले पाहिजेत. पुढच्या प्रश्नाला मडकं रिकामं करून पुन्हा तसंच.

एक काळजी घ्या. दहा बायकांच्या एकाच गटात हे करू नका. दहांत एकच तूर निघाली तर सगळ्यांच्या नजरा एकीकडंच जातात. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळे गट एकत्र असताना करा.

नाव कुणाचंच नाही

हा नियम मोडणार असाल तर हे काम हातीच घेऊ नका. वहीत आकडा येईल, नाव येणार नाही. ‘माझं नाव गावात फोडलंस’ म्हणून संध्याकाळी एखादीला मार बसला, तर ती आणि तिच्यासोबत आणखी चारजणी पुन्हा कधी खरं बोलणार नाहीत.

पोरांना वर्गात उभं करून ‘तुझे बाबा पितात का’ असं विचारायचं नाही. लहान जिवाला त्याची शरम आयुष्यभर पुरते. पिऊन पडलेल्या माणसाचा फोटो मोबाईलच्या ग्रुपवर टाकायचा नाही. वाडी-वस्तीप्रमाणे किंवा जातीप्रमाणे आकडे वेगळे काढायचे नाहीत. नाहीतर व्यसनाचा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘त्या वस्तीतलेच पितात’ हे बोट दाखवणं सुरू होतं. पिणारे सगळ्या आळ्यांत असतात, काहीजण कट्ट्यावर पितात, काहीजण माडीवर दार लावून.

मोजताना एखादी बाई मारहाणीबद्दल बोलली तर वही मिटा. ती त्या क्षणी आकडा नाही. तिला महिला हेल्पलाईन १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक द्या. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. तिला हवं असेल तर त्यांच्यापर्यंत सोबत जा. तिला नको असेल तर जबरदस्ती नको. घरी परत तिलाच जायचं असतं.

आकडा बोलता कसा करायचा

समजण्यासाठी एक मनानं घेतलेलं उदाहरण मांडते. समजा ग्रामसंघाच्या बैठकीला ६० बायका आल्या. दारूच्या प्रश्नाला २१ तुरी निघाल्या. ‘घरात कुणी पुडी किंवा तंबाखू खातं का’ याला ३८. ‘तुम्ही स्वतः मशेरी लावता का’ याला १४.

आता तंबाखूच्या ३८ घरांचा हिशेब करू. घरात एकच माणूस धरा, दिवसाला दहा रुपयांच्या तीन पुड्या. दिवसाचे ३० रुपये. वर्षाचे १०,९५०. अडतीस घरांचे मिळून ४,१६,१०० रुपये.

आता दुसऱ्या बाजूला आपली बचत ठेवा. साठजणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाचे होतात ७२,०००. काटकसर करून, भाजीतून, अंड्यांतून वाचवलेले बहात्तर हजार एकीकडं, आणि थुंकून टाकलेले चार लाख सोळा हजार दुसरीकडं. ग्रामसभेत हे दोनच आकडे फळ्यावर लिहा. ‘तंबाखू सोडा’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा ते जास्त लोकांना ऐकू जातील.

मात्र खरं तेवढंच सांगायचं. हे साठ बायकांचे आकडे आहेत, पूर्ण गावाचे नाहीत. गटात नसलेल्या घरांचं यात काही आलेलं नाही. हे ग्रामसभेत आपणच आधी सांगावं, म्हणजे ‘आकडा खोटा आहे’ म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

कामाची निवड

आकडे हातात आले की सगळंच एकदम करावंसं वाटतं. तसं करू नका. प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचारा: नुकसान किती मोठं आहे आणि आपल्या हातात किती आहे? ज्यात दोन्ही जास्त, तिथून सुरुवात.

शाळेजवळ पुडी मिळते असं निघालं, तर कायदा आपल्या बाजूनं आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालच्याला तर कुठंच विकता येत नाही. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्याला तर राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे. आधी टपरीवाल्याशी बोला. त्याचंही पोट त्यावर आहे. पुडीच्या जागी राजगिरा लाडू, शेंगदाणा चिक्की, वह्या-पेनं ठेवायची असतील तर गटाचा माल त्याला देता येईल. नाही ऐकलं तर ग्रामसभेचा ठराव आणि मग पोलीस ठाणे.

मजुरीच्या दिवशी दारू वाढते असं दिसलं, तर मुकादमाशी आणि शेतमालकाशी बोलून मजुरी संध्याकाळऐवजी सकाळी द्यायला सांगा. बाईची मजुरी बाईच्याच खात्यावर किंवा हातात पडली पाहिजे.

हातभट्टी असेल तर ग्रामसभेचा ठराव करून पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. परवान्याचं दुकान असेल तर गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यावर गुप्त मतदान घेण्याची तरतूद आहे, तीच ‘उभी बाटली, आडवी बाटली’. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणून अर्ज देण्याआधीच घरोघर जाऊन कोण येईल, कोणाला आणायला गाडी लागेल याची मोजणी करा. उत्साहात अर्ज दिला आणि मतदानाच्या दिवशी निम्म्या बायका शेतावर, असं व्हायला नको.

मशेरीचा आकडा मोठा निघाला तर सुरुवात आपल्यापासून. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात दिसलं, की बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी वजनाची होती. मुंबईत ती तंबाखू म्हणजे मुख्यतः मशेरीच. सुनेचं बाळंतपण जवळ आलं असेल तर सासू आणि सून दोघींनी मिळून डबी बाजूला ठेवावी. तंबाखू सोडायला मदतीचा मोफत क्रमांक आहे १८००-११-२३५६.

आणि ज्यांना दारू सोडायची आहे त्यांचं काय? २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार, आपल्या देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागं एकालाच कसलातरी उपचार मिळतो. बाकीचे सदतीस शपथा, गंडे आणि शिव्या यांवरच राहतात. म्हणून आपल्या यादीत उपचाराची जागा हवीच. जवळच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीची सोय कुठल्या दिवशी असते ते विचारून फळ्यावर लिहा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६ आहे.

इथं एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, घाम येतो, भास होतात, फिट येऊ शकते. हे जिवावर बेतू शकतं. शपथ घालून त्याला खोलीत कोंडू नका. जेवणात लपवून कसलीही पावडर घालू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

मुलांसाठी काय?

अडवणं एवढ्यानं मुलं सावरत नाहीत, त्यांना वेळ कुठं घालवायचा हेही दिसायला हवं. आइसलंड नावाचा एक चिमुकला देश आहे, आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या वस्तीचा. तिथं १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ४२ मुलं महिन्याभरात एकदा तरी दारूच्या नशेत होती. २०१६ साली हा आकडा ५ वर आला. त्यांनी शाळांमधून वारंवार, नाव न घेता मुलांना प्रश्न विचारले. काय घेता एवढंच विचारलं नाही. संध्याकाळी कुठं असता, आईबापांशी किती बोलता, खेळता का, हेही विचारलं. प्रत्येक गावाला त्याचे स्वतःचे आकडे दिले. आईबापांसोबत वेळ जाणारी आणि नेमानं खेळायला जाणारी मुलं वाचतात असं दिसलं, म्हणून त्यांनी खेळांवर पैसा घातला आणि मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहायचं नाही हा नियम पाळला.

त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडं नाही. पण संध्याकाळी सहा ते आठ या वेळात आपल्या गावातलं चौदा वर्षांचं पोरगं कुठं असतं, हे मोजायला पैसा लागत नाही. मैदानावर दिवा, कबड्डीचा सराव, शाळेची खोली अभ्यासाला उघडी ठेवणं, ही मागणी ग्रामपंचायतीकडं आकड्यासह करता येते.

ठरवा, लिहा, पुन्हा मोजा

काम ठरलं की एका वाक्यात लिहा आणि त्यात आकडा आणि तारीख घाला. ‘गाव व्यसनमुक्त करू’ हे वाक्य भाषणासाठी चांगलं आहे, वहीसाठी नाही. ‘येत्या दिवाळीपर्यंत शाळेच्या शंभर यार्डांत एकाही टपरीवर पुडी मिळणार नाही’ हे वहीतलं वाक्य. ते झालं की नाही, हे कुणालाही जाऊन बघता येतं.

पाचजणींची समिती पुरे. एकीनं नोंद ठेवायची, एकीनं शाळा आणि अंगणवाडी बघायची, एकीनं पंचायत आणि पोलीस, दोघींनी फेरी. वही ग्रामसंघाच्या पेटीत कुलपात. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते, आकडे आधी तिथं मांडा. तिथं ठराव झाला की मुख्य ग्रामसभेत आपला आवाज एकटीचा राहत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. तेच प्रश्न, तीच मडकी, त्याच जागा, तोच वार. पहिल्या वेळी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मोजलं आणि दुसऱ्या वेळी एकादशीला, तर आकडा उतरणारच. त्यात आनंद मानू नका. कट्ट्यावरच्या बाटल्या कमी झाल्या, तर त्या दुसऱ्या कट्ट्यावर गेल्या नाहीत ना, हेही बघा. टपरी बंद झाली आणि विक्री कुणाच्या घरातून सुरू झाली, असंही होतं.

आणि आकडा वाढलेला निघाला तर? तोही लिहा. कधी कधी पहिल्यांदा बायका घाबरून ज्वारी टाकतात आणि विश्वास बसल्यावर दुसऱ्यांदा खरी तूर टाकतात. वाढलेला आकडा दरवेळी हार सांगत नाही. पण लपवलेला आकडा पुढच्या वर्षी आपल्यालाच फसवतो.

मैत्रिणींनो, मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही. काढाच. पण मोर्चा कुणाच्या दारावर न्यायचा, काय मागायचं आणि मिळालं की नाही हे कसं ओळखायचं, एवढं वहीत लिहून निघूया.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं जास्त बसा. चार प्रश्न मोठ्यानं वाचा, गावाचा नकाशा काढा आणि मडकं, ज्वारी, तूर ग्रामसंघाच्या बैठकीला कोण आणणार हे ठरवा. इतिवृत्तात त्या विषयाला एक ओळ द्या. आणि त्या ओळीत ‘आजारपण’ हा शब्द लिहू नका.